पाचवं तोंड

“आपापल्या गावचा दगड टाका,” मुकादम पाउकार म्हणाला आणि त्याने गवताची टोपली पुढे केली.

टोपली रांगेतून सरकत येत होती. खालच्या जंगलातून आलेल्यांनी तांबडा खडा टाकला, समुद्राकडच्यांनी शिंपल्यासारखा पांढरा. प्रत्येक घरामागे एक. माझ्या पुढे नायरा मावशी होती. तिने तिचा दगड टोपलीत टाकायच्या आधी कपाळाला लावला, आणि मग पाउकारला म्हणाली, “एवढे दगड या डोंगरावर पडलेत, त्यात आमचेही हवेत होय? जेवायला घालतोस का डोंगराला?”

“डोंगराला कळायला नको, त्याच्या अंगावर कोण चढलंय ते? ज्याचा दगड भिंतीच्या पोटात, तो डोंगराचा माणूस. टाक आणि पुढे हो, मासेखाऊ.”

“मासे खाल्ले असतेस तर तुलाही थोडी अक्कल आली असती,” मावशी म्हणाली. रांगेत हशा पिकला. पाउकारही हसला. तसा तो वाईट नव्हता.

मी हसले नाही. ज्याचा दगड भिंतीच्या पोटात, तो डोंगराचा माणूस. तेवढंच माझ्या कानात राहिलं होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या डोंगराला तिथले लोक माचू पिच्चू म्हणत, म्हणजे म्हातारा डोंगर. त्याच्या खांद्यावर इंका सम्राटासाठी शहर बांधायचं चाललं होतं आणि चारही दिशांच्या मुलखांतून माणसं वेठीला आणली होती. आमचं गाव टिटिकाका तळ्याच्या काठावर, तिथून चालत दीड महिन्यावर. माझा बाप चोके पाथरवट होता. मी त्याला ताता म्हणायचे. वेठ एका वर्षाची. धाकटा भाऊ अंगावर पीत होता, म्हणून आईला घरी ठेवून ताताने रांधायला मला बरोबर आणलं होतं. एकाची तीन वर्षं झाली होती.

निघताना आईने मला तळ्यातला एक दगड दिला होता. निळसर राखाडी, चपटा, पाखराच्या अंड्याएवढा. तिने स्वतः विणलेल्या फडक्यात तो बांधून माझ्या कमरेला खोचला आणि म्हणाली, “हा परत आणायचा. दगड आला म्हणजे तुम्ही आलात.”

तो मी या डोंगराला कसा देणार?

टोपली समोर आली तेव्हा मी मुठीतला गोटा त्यात टाकला. ताताच्या हत्यारांतला होता, नदीतून आणलेला, ठोकून ठोकून लहान झालेला. पाउकारने तो उचलला.

“तळ्याकाठी असले दगड असतात?”

“असतात,” मी म्हणाले.

“बघ हं. डोंगराला फसवलं तर तो तोंड मिटून घेतो. आणि ज्याने फसवलं त्याला कड्यावरून खाली टाकायचा हुकूम आहे.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “आज झोपड्या बघणार आहे, अंगावरची गाठोडीही. गावचा दगड कुणी मागे ठेवला असेल तर आताच द्या!”

गाठोडं माझ्या कमरेलाच होतं.

ती भिंत आमची शेवटची भिंत होती. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक अशा पायऱ्या बांधून त्यात शेतं करायची होती, आणि प्रत्येक पायरीला एक भिंत. तिथे पाऊस फार. भिंतीमागे पाणी तुंबलं तर अख्खी पायरी दरीत जाईल. म्हणून भिंतीमागे तळाशी मोठे धोंडे, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि सगळ्यात वर खालच्या खोऱ्यातून पाठीवर वाहून आणलेली काळी माती. मुरलेलं पाणी बाहेर पडायला भिंतीत खाली भोकं ठेवलेली. आम्ही त्यांना तोंडं म्हणायचो. या भिंतीला पाच तोंडं होती आणि पाचांचाही उतार ताताने स्वतः काढला होता.

लोक देवळाच्या भिंती बघायला जायचे. चिरे असे बसवलेले, की मध्ये गवताची काडी शिरणार नाही. ताताला कधी कुणी देवळाचं काम दिलं नाही. त्याचं काम सगळं मातीखाली जाणारं. मी एकदा विचारलं, “ताता, हे कुणाला दिसणारच नाही, मग एवढं घासतोस कशाला?”

“पाण्याला दिसतं,” तो म्हणाला. बोलणं त्याचं एवढंच असायचं.

पाउकारने शब्द दिला होता, की या भिंतीच्या पाचही तोंडांतून पाणी आलं की तळ्याकाठच्यांची वेठ संपली. ओझी वाहणाऱ्या लामांचा, त्या लोकरी जनावरांचा, तांडा तयार होता. पाऊस लागून घाट बंद व्हायच्या आत निघायचं होतं. तीन दिवस उरले होते.

दुपारी मी इतर मुलींबरोबर भिंतीच्या मागच्या बाजूला खडी टाकत होते. मागचा चर अजून उघडा होता. पाचवं तोंड अगदी टोकाला, कड्याच्या बाजूला. तिकडे कुणी नव्हतं. मी खाली वाकले, कमरेचं गाठोडं काढलं आणि आतल्या बाजूने त्या भोकाच्या कडेवरून जरासं आत सारलं. झोपड्या बघून झाल्या की संध्याकाळी काढून घ्यायचं, असं ठरवलं.

पण ढग आले. पाउकारने ओरडून सगळ्यांना चराकडे पळवलं, कारण पावसाच्या आत भराव पुरा व्हायला हवा होता. मला खालून वाळू आणायला पाठवलं. मी टोपली घेऊन वर आले, तोवर चराचं ते टोक धोंड्यांनी भरून गेलं होतं आणि माणसं त्यावर खडी लोटत होती.

मी टोपली घेऊन तशीच उभी राहिले.

“काय गं, भूत बघितलंस का?” नायरा मावशीने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले आणि वाळू ओतली.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी पुढच्या बाजूने भिंतीखाली गेले, पालथी पडून पाचव्या तोंडात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. बोटांना ओला दगड लागला, फडकं लागलं नाही. काठी घातली तर तिला काहीतरी मऊ लागलं आणि ते आणखी घट्ट बसल्यासारखं वाटलं. मग मी काठी काढली आणि मनाशी म्हणाले, एवढंसं तर गाठोडं. पाणी काय, वाट काढतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. तळ्याकाठचे आम्ही तीसेक जण आमच्या उंच लोकरी टोप्या घालून भिंतीखाली उभे होतो. सामान बांधून झालं होतं. नायरा मावशीने चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, शेवटचा रांजण सगळ्यांना वाटून टाकला होता. वरच्या पाटातून पाणी आणून त्या नव्या मातीवर सोडलं. माती पीत राहिली. बराच वेळ काही झालं नाही.

“मुकादमालाही एक दिवस असं पाणी घालून बघायला हवं,” मावशी पुटपुटली. “या दगडाला पाझर फुटेल, त्याला काही फुटायचा नाही.”

तेवढ्यात पहिलं तोंड वाहायला लागलं. मग तिसरं, मग दुसरं आणि चौथं. लोक ओरडायला लागले, कुणी टोपी वर उडवली. पाणी अगदी स्वच्छ होतं, त्यात माती नव्हती. ताता मात्र पाचव्या तोंडाकडे बघत होता.

पाचवं तोंड कोरडं होतं.

हळूहळू ओरडणं थांबलं. पाउकार पुढे गेला, वाकला, त्या भोकात त्याने फुंकर मारली. भिंतीच्या त्या टोकाला चिऱ्यांच्या सांध्यांतून ओल वर चढायला लागली होती. सगळ्यांना दिसत होती.

“तोंड मिटून घेतलंय,” पाउकार सावकाश म्हणाला. त्याने मागे वळून एकेकाकडे पाहिलं. “तुमच्यापैकी कुणाचा तरी दगड खोटा आहे. कोण ते?”

मला वाटलं, माझ्या तोंडातून आता आपोआप निघेल. मी तोंड उघडलंसुद्धा.

“थांबा,” ताता म्हणाला. “मला बघू द्या.”

तो गुडघ्यांवर बसला, पालथा झाला आणि त्याने पाचव्या तोंडात हात घातला. खांद्यापर्यंत गेला हात. गाल भिंतीला टेकलेला, चेहरा आमच्याकडे. त्याने डोळे मिटले. दगडाचं काम करताना तो नेहमीच डोळे मिटायचा, हाताला जास्त दिसतं म्हणायचा. तो बराच वेळ तसाच पडून होता. मग त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं की माझ्या पलीकडे पाहिलं मला आजही सांगता येणार नाही, आणि हात बाहेर काढला.

हात रिकामा होता.

“उतार चुकला,” ताता म्हणाला.

“काय?”

“आतला उतार. उलटा पडलाय. पाणी मागे जातंय. माझी चूक आहे.”

पाउकार त्याच्याकडे बघत राहिला. “तू? चोके, तीन वर्षांत तुझा उतार बोटभर चुकला नाही.”

“आता चुकला.”

“मग भिंत उघडावी लागेल.”

“लागेल.”

“दोन महिन्यांचं काम आहे. पावसात चार.”

“माहीत आहे.”

तळ्याकाठचे लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी ताताला शिवीही दिली, म्हातारा झाला, याच्यापायी आम्ही का अडकायचं. पाउकारने हात वर केला. “चूक एकाची आहे, बाकीचे जा. चोके राहील.” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हिला ठेव रांधायला.”

मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

“नको,” ताता म्हणाला. “तिला घेऊन जा. मला ती इथे नको.”

अख्ख्या आयुष्यात त्या चार शब्दांएवढं मला काही लागलं नाही.

तांडा त्याच दुपारी निघाला. ताताने माझ्या पाठीवरचं गाठोडं नीट केलं, गाठ सोडून पुन्हा बांधली. थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे एका पिशवीत घालून दिले. मी म्हणाले, “ताता, मी...”

“घाटात वारा असतो. बोलू नको, दम लागतो,” तो म्हणाला. “आणि मागे बघायचं नाही. लामा बघतो का मागे? मग.”

घाटाच्या माथ्यावर मी मागे बघितलं. ढग होते, शहर दिसलं नाही. खाली दरीत नदीचा आवाज तेवढा येत होता.

दीड महिन्याने घरी पोचले. आई तळ्याकाठी लव्हाळे कापत होती. तिने आधी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्या कमरेकडे.

“दगड?”

“वाटेत पडला.”

“आणि तुझा ताता?”

“काम राहिलंय. भिंत चुकली.”

“तुझ्या बापाची भिंत?” आई म्हणाली. तेवढंच. मग तिने पुन्हा विळा उचलला.

पुढच्या वर्षी त्या बाजूने परतलेल्या एका माणसाने निरोप आणला. आमच्या दारात उभं राहून तो म्हणाला, “चोकेने सांगितलंय, उर्पीला सांग, पाचव्या तोंडातून पाणी येतंय.”

उर्पी म्हणजे मी. आई म्हणाली, “आणि येतोय कधी?”

“ते नाही बोलला. त्याला तिकडच्याच पाट राखणाऱ्या पाणीवाल्यांत घातलंय. आता कायमचाच तिकडे.”

मला सगळं कळलं. ताताने भिंत उघडली होती, त्यात त्याला आईच्या हातचं फडकं सापडलं होतं आणि आपल्याला कुणी अडकवलं ते त्याला समजलं होतं. मग दरवर्षी कोरडा हंगाम आला, की तो एकच निरोप यायचा. उर्पीला सांग, पाचव्या तोंडातून पाणी येतंय. माझं लग्न झालं त्या वर्षी आला. पहिली मुलगी झाली आणि गेली, त्याही वर्षी आला. निरोप आणणारे हसायचे, म्हणायचे, म्हातारा सगळं सोडून तेवढंच सांगतो, डोकं फिरलंय. मी त्यांना जेवायला घालायचे. दुसरं काही विचारायला, उलट निरोप धाडायला तोंड नव्हतं मला. काय सांगणार होते?

सतरा वेळा आला तो निरोप. अठराव्या वर्षी आला नाही.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला म्हणायची, “बाई, माझी मुलगी दगड आणायला गेलीय. दिसली तर सांगा, अंधार व्हायच्या आत ये म्हणावं.”

मी तिला कधीच सांगितलं नाही.

नवरा गेला, भाऊ गेला, मुलगे आपापल्या बायकांच्या गावी गेले. मग देवीसारखा कुठला तरी रोग मुलखात फिरला, सम्राटाच्या घरात भाऊ भावावर उठले, आणि लोक म्हणायला लागले, की म्हाताऱ्या डोंगरावरचं शहर सोडून सगळे चाललेत. तेव्हा माझे केस पार पांढरे झाले होते. मी सुकवलेल्या मासळीच्या दोन गोण्या एका लामावर लादल्या आणि खोऱ्याकडे जाणाऱ्या मिठाच्या तांड्याबरोबर निघाले. कुठे जातेस, असं विचारायला घरात कुणी नव्हतंच. खोऱ्यातून पुढे तांडा वेगळ्या वाटेने गेला. मी आणि लामा वर चढलो.

शहर पुरं झालं होतं. मी पाहिलं तेव्हा तिथे दोऱ्या, धोंड्यांचे ढिगारे आणि माणसांची गर्दी होती. आता देऊळ होतं, पायऱ्या होत्या, एकापुढे एक घरं होती आणि त्यांची छपरं बसायला लागली होती. माणूस नव्हता. एका दारात कुणाचं तरी पाणी प्यायचं मडकं सरळ ठेवलेलं होतं, परत येणार असल्यासारखं. जिथे नायरा मावशी चिचा गाळायची तिथे गवत कमरेएवढं होतं. तीही केव्हाच गेली होती. माझ्याशी त्या दिवसांबद्दल बोलू शकेल असं जगात कुणी उरलं नव्हतं.

भिंत सापडायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. मी पहिल्या तोंडापासून मोजत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, सगळी वाहत होती. पाचव्यापाशी जायच्या आधी मी पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजलं.

तेही वाहत होतं. पाणी स्वच्छ होतं.

त्या तोंडाच्या वर, भिंतीच्या त्या टोकाला मोठे पांढरे चिरे होते, बाकीच्या भिंतीपेक्षा किती तरी चांगले. शेताच्या भिंतीला असं काम कुणी करत नाही. देवळाला करतात. चार मोठे चिरे एका ठिकाणी मिळत होते आणि चौघांनाही कोपऱ्यात एवढीशी खोबण घेतली होती. त्या खोबणीत एक निळसर राखाडी दगड बसवला होता. चपटा, पाखराच्या अंड्याएवढा.

मी आधी त्याला हात लावला नाही. मग लावला. तो चकचकीत झाला होता, नदीतला गोटा होतो तसा. पण तिथे त्याला पाणी लागत नव्हतं. हात लागला होता. रोज येता-जाता कुणाचा तरी तळवा त्यावरून फिरला होता.

मी कमरेची तांब्याची सुरी काढली. आईला नेऊन द्यायचा होता ना तो. तिच्या थडग्यावर ठेवला असता. सांध्यात पातं घालायला गेले तर शिरेना. गवताची काडी घेतली, तीही वाकली. मी तिथेच बसून हसले. ताताला देवळाचं काम कुणी दिलं नव्हतं.

मग तहान लागली म्हणून खाली वाकले. पाणी ओंजळीत घेऊन प्यायले आणि कसं कोण जाणे, पालथी पडून त्या तोंडात हात घातला. अकरा वर्षांच्या माझ्या हाताला तेव्हा फडकं लागलं नव्हतं. आताचा हात मोठ्या बाईचा होता. खांद्यापर्यंत गेला, आणि बोटं भोकाच्या आतल्या कडेवर टेकली. तिथेच, त्याच कडेवरून मी ते गाठोडं आत सारलं होतं.

ताताचा हात माझ्या हातापेक्षा लांब होता.

म्हणजे त्या सकाळी, गाल भिंतीला टेकून, डोळे मिटून तो बराच वेळ पडला होता, तेव्हा त्याच्या बोटांत आईच्या हातच्या विणीची गाठ होती. ओढली असती तर पाणी आलं असतं. तो त्याच दुपारी तांड्याबरोबर घरी आला असता. पण समोर पाउकार उभा होता, आणि गाठोड्याबरोबर मीही बाहेर आले असते.

त्याने गाठ सोडून दिली आणि रिकामा हात सगळ्यांना दाखवला.

मी किती वेळ तशी पडून होते, माहीत नाही. बाही खांद्यापर्यंत भिजली. लामा येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला आणि गवत खात राहिला. खाली दरीत ढग भरत होते, घाटाची वाट दिसेनाशी झाली होती.

“ताता,” मी त्या तोंडात म्हणाले, “पाणी येतंय.”

एवढ्या वर्षांचा उलट निरोप होता तो. आत कुठे तरी माझा आवाज गेला, धोंड्यांमधून, खडीतून, आणि मग नुसतं पाणी ऐकू यायला लागलं.